वाटून न खायची गोळी

नोबुमित्सु मानाबेच्या दुकानात गिऱ्हाईक आणि न्हावी दोघेही झोपत. गिऱ्हाईक खुर्चीत, न्हावी उभ्या उभ्या. संत्र्यांच्या डोंगराखालच्या त्या जपानी गावाला त्याचं नवल नव्हतं. दिवसा डुलक्या घेणारा माणूस म्हणजे रात्री राबलेला माणूस, असा तिथला हिशोब. "किती कष्ट करतो बिचारा!" म्हणत गावानं वर्षानुवर्षं त्याच्या झोपेच्या आजाराचं कौतुकच केलं. शेवटी देवळातल्या भिक्षूंचं डोकं अर्धं भादरून तो वस्तऱ्यासकट घोरू लागला, तेव्हा कुठे बायकोनं त्याला शहरातल्या डॉक्टरांपुढे उभं केलं.

आता दिवसभर जागं राहायला रोज सकाळी एक गोळी. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, "दुपारनंतर घेऊ नका, रात्रभर छताकडे बघत बसाल. छाती धडधडली, अंगावर पुरळ उठलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका."

हे शेवटचंच अवघड होतं. त्या गावात एकट्यानं खायची वस्तूच नसते. भोपळा आला, अर्धा शेजारी. मासे आले, चार शेजारी.

आणि शेजारीण होती फुसाए. तिनं त्याला लहानपणी लंगोटात पाहिलेलं. ऐन तोडणीच्या दिवसांत ती दुपारी दुकानात शिरली.

"नोबुचान, तुझी ती जागं ठेवणारी गोळी दे एक. संत्र्यांचा ट्रक घाटातून न्यायचाय आणि डोळे मिटताहेत."

"ती औषधाची आहे हो, फुसाए-सान."

"मग मी काय खाऊ म्हणून मागतेय?"

"तुम्हाला छातीचा त्रास आहे ना?"

"त्याच्या दोन गोळ्या चालूच आहेत. तिसरीनं काय आभाळ कोसळणारे? उन्हाळाभर माझी वांगी खाल्लीस ती विसरलास वाटतं!"

वांगी वर्मी लागली. नोबुमित्सूनं खण उघडला, मिटला. धुतलेला कंगवा पुन्हा धुतला. झाडलेली जमीन झाडली. नाही म्हटलं तर जन्माचा चिक्कू, हो म्हटलं तर घाटात हिचं काळीज काय करील कुणास ठाऊक! पुन्हा खण उघडला. बाहेर ट्रकची किल्ली फुसाएच्या बोटावर गरगर फिरत होती.

त्यानं खण धाडकन लावला, तिच्या बोटावरची किल्ली काढून खिशात घातली आणि खुर्ची मागे रेलवली.

"बसा."

"अरे, संत्री..."

"संत्री थांबतील. माझ्या घरात एकच गोष्ट पोत्यांनी पडलीय, फुसाए-सान. झोप. त्यातली अर्धी तुमची."

त्यानं गरम टॉवेल तिच्या कपाळावर ठेवला. "मेल्या, दाढी करशील माझी," एवढं म्हणेपर्यंत ती घोरायलासुद्धा लागली.

नोबुमित्सु खिशावर हात ठेवून शेजारी उभा राहिला. टक्क जागा.