रिकाम्या टाकीची शर्यत

आधी माझ्या ओठाकडं बघून पोटभर हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. गेल्या जत्रेपर्यंत इथं मिशी होती. लिंबू ठेवलं तर घरंगळलं नसतं, अशी. ती कशी गेली? डिझेलपायी!

झालं काय, निपाणीत आमच्या न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर मोटारींची शर्यत लागलेली. गाडी मधेच थांबते, माणसं धावत येतात, जाडजूड नळी खुपसून तेल भरतात, की गाडी सुसाट! न्हावी म्हणाला, टाकीत तेल कमी म्हणजे गाडी हलकी, आणि हलकी गाडी जास्त पळते. तो पुढंही काहीतरी सांगत होता, पण मी तोवर उठलो होतो.

कारण जत्रेत ट्रॅक्टरची शर्यत होती, माळाभोवती पाच फेऱ्यांची. आणि माझा मेव्हणा भरमू, ज्याला मी लग्नाच्या मांडवापासून छळत आलोय, त्याच्याशी माझी पैज. हरेल त्यानं भर देवळासमोर मिशी काढायची.

मी टाकी उपसली. नांगरटीच्या अंदाजानं निम्म्या शर्यतीपुरतं डिझेल ठेवलं. बायकोला कॅन आणि नरसाळं देऊन बाभळीखाली उभं केलं. भरमूची टाकी काठोकाठ. त्याला म्हटलं, "पाण्याचा टँकर आणलास काय रं?" लोक लई हसले.

आणि खरंच, पहिल्या दोन फेऱ्या मीच पुढं! खुशीत एवढा रेटला, की ट्रॅक्टर सगळं डिझेल पिऊन बाभळीच्या अलीकडंच ठप्प. बायकोला हाका मारल्या. ती आली, पण कशी? हळदीकुंकवाला निघाल्यासारखी.

"टीव्हीतली माणसं पळत येत्यात गं!"

"त्यांचा भाऊ दुसऱ्या गाडीवर नसतोय."

डिझेल ओतलं, स्टार्टर मारला. ढिम्म! ट्रॅक्टरवाले आत्ताच हसायला लागले असतील. डिझेल पार संपलं, की पाइपात हवा धरते. ती काढल्याशिवाय इंजिन बोलत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण टीव्हीत दाखवलंच नव्हतं ना! मी नट ढिला करून पंप मारतोय, आणि भरमू दर फेरीला हात हलवून जातोय.

संध्याकाळी देवळासमोर तोच न्हावी. मिशी विंचरता विंचरता म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी पुरं ऐकून घेतलं न्हाईसा. ती जुनी शर्यत हुती. वाटंत तेल भरायचं त्यांनी कवाच बंद केलंय. आगी लागायच्या. आता भरूनच निघत्यात."

"म्हंजे भरमूसारखं?"

"व्हय."

कात्री चालली, मिशी मांडीवर पडली. भरमूनं ती उचलून तळहातावर तोलली आणि लई अदबीनं म्हणाला, "दाजी, आता हलके झालासा. पळा."