गोमाचा बुधा, बुधाचा गोमा

बोईसरच्या पूर्वेला डोंगरउतारावर बुधाची भाताची तीन खाचरं होती. त्रेसष्ट साली मोजणी आली. तीन पिढ्यांची वहिवाट असेल तरच खाचरं राहणार होती.

"किती पिढ्या?" कारकुनानं विचारलं.

"चार. मी बुधा. माजा बापूस गोमा, त्याचा बापूस बुधा, त्याचा गोमा."

कारकून खो खो हसला. "लेका, दोनच माणसं गोल फिरवतोस होय?"

"नाय सायेब. मेलेला आजा नातवात परत येतो, म्हणून आमी त्याचंच नाव ठेवतो. हे बांध त्या पयल्या गोमानं घातलेत."

"कागद आहे?"

कागद कुठला असायला! कारकुनानं दोन पिढ्या लिहिल्या आणि बुधाचा अंगठा उठवून घेतला.

घरी लाडकी आठ दिवसांच्या लेकाला पाजत होती. म्हातारा गोमा गेल्याच पावसाळ्यात वारला होता, म्हणून ती पोराला गोमाच म्हणे.

"याचं नाव जिवल्या ठेव," बुधा बायकोला म्हणाला. "फुडच्या येळेला याला तरी येगळा मोजतील."

"आन् म्हातारा?" लाडकीनं पोराला छातीशी ओढलं. "तो आता कुठं येल?"