दोनदा दाबलेली कांडी

आई जाऊन महिना झाला होता. तेराव्यानंतर मी लगेच अंधेरीच्या प्रयोगशाळेत जायला लागले होते. मला काही वाटत नव्हतं. भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. काम मात्र होत होतं.

काम धातूच्या काचेचं. वितळलेला धातू इतक्या झटकन गार करायचा की आतल्या अणूंना रांगेत बसायला वेळच मिळू नये. असा धातू भलताच कणखर होतो, पण फार दाबला की काहीही सूचना न देता एका तिरक्या रेषेत फाटतो. म्हणून आम्ही त्यात मऊ स्फटिक वाढू द्यायचो. ते थोडे थोडे दबतात, चीर अडवतात आणि दबता दबता अख्खा तुकडा आणखी कडक होत जातो.

त्या दिवशी दाबून बघायच्या यंत्रात या धातूची कोरी कांडी लावायची होती. मी एकदा अर्ध्यावर दाबून ठेवलेली लावली. दाबलेल्या कांडीवर काळी खूण करायची आमची पद्धत. ती खूण मीच केलेली, आणि मलाच दिसली नाही.

आमचे सर यंत्राचा आलेख बघून म्हणाले, "अगं, ही जुनी कांडी ना? बघ, या खेपेला किती उशिरा नमली. झकास!" मग आलेखाच्या टोकाशी बोट नेलं. "तुटली मात्र लवकर."

मला एकदम बाबा आठवले. तेही रडले नव्हते. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे, खंबीर आहेत हो. मला त्याचीच धास्ती होती. ते शर्टाला इस्त्री करत, बाजारातून भाजी आणत, आणि मला वाटे, हा माणूस एक दिवस न सांगता मोडणार.

संध्याकाळी गवार मोडताना त्यांना कांडीचं सांगितलं. त्यांनी जन्मभर तांब्याची भांडी ठोकली होती.

"त्यात नवीन काय?" ते म्हणाले. "तांबं ठोकलं की कडक होतं. तसंच ठोकत राहिलं की चिरतं. मधे मधे भट्टीत घालून मऊ करावं लागतं."

"मग बाबा, तुम्ही कधी रडणार?"

"मी रोज रडतो. तू कामावर गेलीस की." त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली. "तुझं काय, ते सांग."

मी गवार मोडत राहिले.