आवक-जावकांचा आखडलेला खांदा

तारीख: वैशाखातला एक गुरुवार, १९९८. स्थळ: कोडोली, शाळेच्या पटांगणात घातलेला मांडव. हजर: मी; माझे यजमान; नवरामुलगा, म्हणजे यजमानांच्या मित्राचा थोरला; पैठणीत घामाघूम झालेली त्याची आई; नवरीमुलगी; तिची विधवा आई; दोन्हीकडची मिळून निम्मी पंचक्रोशी; आणि नवरीच्या पाठीमागे, गुलाबी फेटा बांधून, टोकाला लिंबू खोचलेली तलवार उजव्या हाताने डोक्याच्या वर धरून उभे असलेले नवरीचे मामा. हे मामा म्हणजे आमच्याच ऑफिसातले आवक-जावक कारकून. त्या आठवड्यात ते वैद्यकीय रजेवर होते. कारण: उजवा खांदा आखडणे, हात खांद्याच्या वर न जाणे.

आमच्या आवक-जावकांइतका आजारी माणूस या जगात झाला नाही, आणि त्यांच्याइतका धडधाकटही झाला नाही. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. येणारं टपाल नोंदवून आत घ्यायचं आणि जाणारं टपाल नोंदवून बाहेर सोडायचं हे त्यांचं टेबल, म्हणून अख्खं कोल्हापुरातलं ऑफिस त्यांना आवक-जावक म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा फोनवर ‘आवक-जावक आहेत का?’ असंच विचारायची. माणूस दारात वाकून आत यावा इतका उंच. मिशी अशी की साहेबसुद्धा बोलताना तिच्याकडे बघून बोलत. आवाज इतका की गडहिंग्लजला फोन लावला तर फोनची गरज काय, असं वाटावं. प्रत्येक पाकीट ते पाहुण्यासारखं घ्यायचे. ‘या पावणं, बसा,’ म्हणून शिक्का मारायचे आणि फाटक्या पाकिटाला आधी डिंक लावून मगच साहेबांपुढे पाठवायचे. त्यांच्यासमोर कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला स्वतःची खुर्ची द्यायचे आणि उरलेला तास खिडकीच्या कट्ट्यावर बसून काम करायचे. रस्त्याने चालताना मात्र कायम आपल्या एक पाऊल मागे. बरोबर चला म्हटलं तर म्हणायचे, ‘तुम्ही व्हा पुढं. मी हाय की मागं.’

त्यांचे आजार पंचांगाप्रमाणे येत. मार्गशीर्षात खोकला, माघात कंबर, वैशाखात सगळे सांधे एकदम. पावसाळ्यात मात्र, अख्खं ऑफिस तापाने फणफणलेलं असताना, या माणसाला शिंकसुद्धा येत नसे. आस्थापना माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांच्या रजा माझ्या हाताखालून जायच्या. आणि मी काही आंधळी नव्हते, पण चातुर्मासात लग्नं नसतात ही गोष्ट आजारपणाशी जोडायचं मला कधी सुचलं नाही. यांना ऊन सोसत नाही आणि पाऊस मानवतो, एवढाच निष्कर्ष मी काढला होता. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर त्यांचे शाळासोबती. आजार कुठला लिहायचा ते डॉक्टरच ठरवत असावेत, कारण एकदा गुडघ्याच्या रजेवरून लंगडत आलेल्या आवक-जावकांना कांबळेबाईंनी विचारलं, ‘कुठला गुडघा हो?’ तर त्यांनी खिशातून प्रमाणपत्र काढून वाचलं आणि पाय बदलला. फक्त भाऊबीजेनंतरचं पोट बिघडणं खरं असायचं. त्या दिवशी ते इतक्या घरी ओवाळून घ्यायचे आणि प्रत्येक घरी ताट पुसून खायचे, की दुसऱ्या दिवशी उठणं शक्यच नसे. या रजेवर मात्र कुणाचाही विश्वास बसत नसे.

कांबळेबाई म्हणजे आमच्या टंकलेखिका. आवक-जावक आजारी पडले की त्यांचं टपाल कांबळेबाईंच्या टेबलावर येऊन पडायचं. त्या माघात यांची कंबर धरली आणि नेमकं त्याच दिवसांत बाईंच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दोन टेबलं एकदम रिकामी ठेवता येत नाहीत म्हणून बाईंची रजा नामंजूर झाली. ‘आईची पट्टी सोडली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली नर्स,’ बाई मला म्हणाल्या. ‘मी इथं शिक्के मारत होते. तुम्ही रिपोर्ट करा बाई. तुमच्याच्यानं होत नसेल तर मी करते.’ त्यांचं काही चुकत नव्हतं. मराठवाड्यातून नवीन आलेल्या साहेबांच्याही ही गोष्ट कानावर गेली होती. सोमवारी त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘या माणसाची रजा खरी की खोटी, मला आठवड्याभरात लेखी द्या.’ खोटी ठरली तर निलंबन, चौकशी आणि निवृत्ती समोर दिसत असताना निवृत्तिवेतनाचे हाल. हे सगळं डोक्यात घेऊन मी गुरुवारी कोडोलीला लग्नाला गेले, आणि तिथे पुरावाच फेटा बांधून उभा!

मंगलाष्टका चालू होत्या. आवक-जावकांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण तलवार तसूभरही हलली नाही. माझ्या शेजारी नवऱ्यामुलाची आई अक्षता टाकत कौतुकाने म्हणत होती, ‘मामा बघा कसा उंचापुरा हाय. बाप न्हाय म्हणून काय झालं? पोरीच्या मागं माणूस हाय.’ मी अक्षता टाकल्या. निघताना मांडवाच्या दाराशी त्यांनी मला गाठलं. मला वाटलं गयावया करतील. तर म्हणाले, ‘बाई, जेवल्याबिगर जायाचं न्हाय. मुलीकडचा माणूस म्हणून सांगतोय.’

सोमवारी ते प्रकृती ठीक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन हजर झाले. मी त्यांना ऑफिसमागच्या चहाच्या गाडीवर नेलं.

‘खांदा कसा आहे?’

‘बरा हाय.’

‘तलवार धरून मोकळा झाला असेल.’

त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. ‘तुम्हाला बघितलं तवाच म्हटलं, संपलं आता. पण अष्टका चालू हुत्या. तलवार मधीच खाली घेता येत न्हाय.’

‘ती मुलगी कोण लागते तुमची?’

‘कोण न्हाय.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीत एक लग्न होतं. नवरीचा सख्खा मामा आहेरातलं शर्टाचं कापड हलकं निघालं म्हणून रुसला आणि एस.टी.त जाऊन बसला. मुहूर्त टळत आलेला, नवरीची आई रडतेय, भटजी घड्याळ दाखवतायत. कुणीतरी मांडवात नजर टाकली आणि सगळ्यांत उंच माणसाच्या हातात तलवार दिली. ‘उंची नडली, बाई,’ ते म्हणाले. त्यानंतर बातमी पसरत गेली. जिला भाऊ नाही, किंवा आहे पण उभा राहत नाही, अशी बाई मुलीचं लग्न ठरलं की यांच्या दारात यायची. हे तिचे भाऊ व्हायचे. भाऊबीजेची ताटं कुठून येत होती तेही मला तेव्हा कळलं.

‘बरं, लग्नापुरतं समजू शकते,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही पौषातसुद्धा एकदा गुडघ्याने आजारी होता. तेव्हा कुठलं लग्न?’

‘तवा शिरोळला गेलतो.’ त्यांनी बशी बाजूला सारली. ‘आपली एक पोरगी दिलीया तिथं. ऊसवाली माणसं, पैसा बख्खळ. पण पोरीला माहेरी पाठवीनात, कुणाशी बोलू देईनात. आई एकटी, ती काय बोलणार? मग मी गेलो. सकाळी जाऊन दारातल्या सोप्यावर बसलो.’

‘काय बोललात?’

‘काय बोलायचं? उसाचा दर विचारला. चहा घेतला. मग परत चहा घेतला. दुपारी जेवलो, तिथंच लवंडलो. दिवस मावळायला आला तसा सासरा म्हणतोय, मामा, पोरीला चार दिवस न्यायची असली तर न्या की. मी म्हटलं, न्हाय न्हाय, तुमच्या सवडीनं धाडा. मी परत येतो की.’

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

‘तुम्ही लिवून दिलं तर बराबरच हाय, बाई. माझं काय व्हायचं ते हुईल. पण चौकशीला माणूस जाणार. पोरीच्या सासरी विचारणार, ह्यो मामा सख्खा का? तिची आई न्हाय म्हणणार. मानलेला मामा म्हटलं की लोक चहा देत्यात आणि वाट दावत्यात. सख्खा म्हटलं की भित्यात. उद्या मी सोप्यावर जाऊन बसलो तर त्या बसण्याला काय किंमत?’

आता माझ्यातली आस्थापना जागी झाली. ‘पण मग आजारी कशाला पडता? तुमची अर्जित रजा ढिगाने शिल्लक आहे. ती का घेत नाही?’

‘कारण लिवाय लागतंय की. भाचीचं लग्न म्हणून लिवलं तर ते खोटं हुतंय. सरकारी कागदावर मी खोटं लिवत न्हाय.’

‘आणि आखडलेला खांदा?’

‘ते डॉक्टरनं लिवलंय.’

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना सांगितलं की अर्जावर ‘घरगुती कारणास्तव’ असे दोन शब्द लिहिले की पुरतं. कुठलं घर, कुणाचं घर, कुणी विचारत नाही. ‘एवढंच?’ आवक-जावक म्हणाले. ‘म्हंजे इतकी वर्षं मी उगंच आजारी पडलो म्हणायचं.’

साहेबांना मी लेखी दिलं नाही, पण खोटंही सांगितलं नाही. आजार खोटा होता, मी डोळ्यांनी पाहिलं, असं सरळ सांगितलं आणि मग उरलेलं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘जबाबदारी कुणाची?’ मी म्हटलं, माझी. ‘ठीक. पुन्हा आजारी पडले, तर त्यांना मेडिकल बोर्डापुढे पाठवीन आणि तुम्हाला त्यांच्या सोबतीला.’

कांबळेबाईंना समजावणं जास्त कठीण होतं, कारण रजा त्यांची गेली होती आणि आईची पट्टी सुटताना त्या नव्हत्या, हे कुठल्याही तलवारीने भरून येणारं नव्हतं. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. म्हणाल्या, ‘आमच्यात लग्नाला तलवार-बिलवार नसते, बाई.’ मग कागद मशीनमध्ये सरकवत म्हणाल्या, ‘पण सासू सगळ्यांच्यात असते. ती शिरोळची पोरगी आता बरी आहे का विचारा त्यांना.’ मी नियम घालून दिला: लग्नसराईची रजा महिनाभर आधी मागायची, आणि कांबळेबाईंना रजा लागेल तेव्हा त्यांचं टेबल आवक-जावकांनी सांभाळायचं. त्यांनी तो पाळलाही. एका बोटाने टंकलेखन करत एक पत्र ते सकाळी सुरू करायचे आणि ऑफिस सुटायच्या सुमाराला मशीनमधून ओढून काढायचे. बाई परत आल्या की तेच पत्र आधी पुन्हा टाइप करायच्या, पण तक्रार केली नाही.

पुढल्या पावसाळ्यात एक दिवस ते ऑफिसात आले, तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हटलं, ‘अहो, ही कावीळ आहे. घरी जा!’ तर खिडकीचा गज घट्ट धरून बसले. ‘मी आजारी पडायचं न्हाय ठरलंय, बाई. तुमच्या नोकरीवर येतंय.’ शिपाई, कांबळेबाई आणि मी मिळून तो डोंगर जिन्यावरून खाली आणला. मेडिकल बोर्डाची धमकी देणारे साहेब स्वतः रिक्षा थांबवायला रस्त्यावर उभे होते. रिक्षात आवक-जावक माझ्या खांद्यावर मान टाकून पुटपुटत राहिले, ‘घरगुती कारण लिवा, बाई. आजार लिवू नका.’ त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी दार उघडलं, आम्हा तिघांच्या आधाराने उभ्या त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या पोरींच्या मागं उभं ऱ्हायचं आणि स्वतःला उभं धरायला तिघं लागत्यात बघा.’

ते निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं होतील. नंतर दोनेक वर्षांतच अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. वहिनी म्हणतात, आता खरंच हात उचलत नाही, तर रजा मागायला ऑफिस नाही. सवड मिळेल तशी मी रविवारी जाऊन येते. बोलणं जड झालंय. शब्द शोधून आणावे लागतात. मुली येत असतात. कुणी मांडीवर पोर घेऊन, कुणी भाजीची पिशवी घेऊन, आणि ‘मामा’ म्हणून पायाशी बसतात.

गेल्या खेपेला त्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. चंदगडला एक मुलगी दिलेली आहे. तिच्याकडून बरेच दिवस काही निरोप नाही, आणि तिची आई आता राहिली नाही. ‘मी जाणार हुतो,’ ते म्हणाले, आणि थांबले. ‘तुम्ही जावा.’

‘मी कोण म्हणून जाऊ?’

त्यांनी शब्द शोधून आणला. ‘मावशी.’

‘आणि जाऊन बोलू काय? मला असलं काही येत नाही हो.’

‘बोलू नका. बसा. लवकर उठू नका.’

मग त्यांनी मुलीचं नाव आणि गाव सांगितलं. मला पहिल्यांदा नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सावकाश. एस.टी.ची वेळ मी विचारून ठेवली आहे. त्यानंतर ऑफिसात हिशेब तपासणी निघाली, मग यजमानांचं दुखणं, मग तिकडचा तो थांबता थांबत नाही असा पाऊस. या महिन्यात काय काय करायचं त्यातलं बाकी सगळं झालं. चंदगडला जाऊन बसायचं तेवढं राहिलं आहे.