इथे उठले

लक्ष्मम्माचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "अक्का, अण्णा गेले," एवढंच तिने कन्नडमध्ये सांगितलं. अण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ श्यामराव. लक्ष्मम्मा त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. आज दीड महिना झाला, पण त्या घरातल्या शेवटच्या दुपारींबद्दल मी कुणाशी बोलले नाही...

इथे कानडी मुलखात, शिवाजीनगर भागात, पत्र्याची कपाटं करणाऱ्या एका खोलीतून सुरुवात करून अण्णांनी तीन कारखाने उभे केले. बनशंकरीतला त्यांचा बंगला पाहायला आमचे नातेवाईक मुद्दाम यायचे. बंगला दिसायचा, अण्णा सापडायचे नाहीत. सुमतीवहिनींना जुन्या कादंबऱ्यांचं वेड. लग्न झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे एकच मागितलं होतं, संध्याकाळी मी वाचेन, तुम्ही ऐका. पुढे वहिनी गेल्या, मुलगा परदेशात स्थिरावला आणि मधुमेहाने अण्णांची दृष्टी नेली. मग एकदा त्यांनी मला बोलावलं. "शालू, तू शाळेत मराठी शिकवायचीस ना? वहिनीच्या कपाटातलं काहीतरी वाचून दाखव."

मी दुपारची जाऊ लागले. त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्या मी कॉलेजात असताना वाचलेल्या. मुलूख कुठलाही असो, त्यांत एक माणूस हटकून भेटायचा... मिळवत सुटलेला, पायरी पायरीने वर चढलेला आणि शेवटी मोठ्या घरात आपल्याच पावलांचा आवाज ऐकत बसलेला. तो चढत असे तोवर अण्णा खुशीत हसायचे. म्हणायचे, "या लेखकांना माझा पत्ता कुणी दिला?"

पहिल्याच पुस्तकात, तिसऱ्या प्रकरणात, त्यांनी हात वर केला. "स्वल्प... जरा थांब. बास." मी पानाकडे पाहिलं. समासात वहिनींच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे उठले.' म्हणजे वहिनी वाचत असताना अण्णा इथेच उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी नवं पुस्तक काढायला लावलं. तिथेही तेच, हात वर आणि समासात तीच दोन शब्दांची पुसट नोंद. वाटलं, ती दिसताच माझाच आवाज अडखळत असेल आणि त्यावरून अण्णा हात वर करत असतील. म्हणून तिसऱ्या पुस्तकाचे समास कागदाच्या पट्टीने झाकून वाचू लागले. नायक नवं घर बघायला निघतो, त्या वाक्याला अण्णांचा हात वर गेला. मी पट्टी सरकवली... त्याच ओळीशेजारी, 'इथे उठले.'

चार दिवस गप्प राहिले. एकट्या, आंधळ्या माणसाला हे सांगून काय मिळवायचं? पण न सांगणं ही वहिनींशी लबाडी वाटू लागली. शेवटी सांगितलं.

"सगळ्या पुस्तकांत?"

"उघडली तेवढ्या सगळ्या."

"आणि त्याच्या पुढे?"

पुढची पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना जोडलेलीच होती. वहिनींनी एकटीने पुढे वाचलंच नव्हतं.

"सुरी आण," अण्णा म्हणाले.

दोन दुपारी मी पानं कापत वाचत राहिले. त्यांनी हात वर केला नाही. शेवटच्या पानावर तो श्रीमंत माणूस अंधारत चाललेल्या दिवाणखान्यात बसून राहतो. अण्णांनी विचारलं, "कुणाला हाक नाही मारत तो?"

"नाही."

"मारायला हवी होती." हे बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, दाराकडे होतं. मग हळूच म्हणाले, "शालू, आता काही दिवस येऊ नकोस. राग मानू नकोस."

मला रागच आला होता. मी गेले नाही. आठ दिवसांनी तो फोन आला.

पुस्तकं घेऊन जा, असं मुलाने कळवलं, म्हणून मागच्या आठवड्यात त्या खोलीत गेले. अण्णांच्या खुर्चीसमोर आणखी एक खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर धुतलेल्या अभ्र्याची उशी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुमचं येणं थांबलं त्या दिवशी अण्णांनी मांडायला लावली," लक्ष्मम्मा म्हणाली. "चार वाजता समोर बसायचे, ते दिवे लागेपर्यंत. कॉफीला बोलावलं तरी यायचे नाहीत. मान कलती करून नुसते..."

"काही बोलायचे?"

"रोज एकदाच. दोनच शब्द, तुमच्या भाषेत. मला कुठे कळतंय?" तिने ते आठवून, जपून उच्चारले. "'हळू वाच.' म्हणजे काय, अक्का?"