हळदीचे बारा उंदीर

दोष हट्टेकर सरांचा. आधीच सांगून टाकतो! आमच्या झूलॉजीच्या लॅबमधले दोघं भेटले तरी सरांचा एखादा किस्सा निघतोच. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. म्हणून त्यांच्या पीएच.डी.चे उंदीर मी सांभाळायचो.

*

सरांचा प्रयोग नराचं हार्मोन अडवणाऱ्या औषधाचा. सहा उंदरांना तेलातून औषध, सहांना नुसतं तेल. बाराही एकाच पिंजऱ्यात! ओळख म्हणून औषधवाल्यांना हळद फासली. सर म्हणाले, "घरची हळद आहे, मरेपर्यंत जाणार नाही!"

बाराही जणांना सुया टोचून संपल्या तोवर उंदरांनी एकमेकांना चाटून लख्ख केलं.

शिपाई रहीमचाचा म्हणाले, "साहेब, हळद उतरली. आता लगीन लावून टाका!"

*

सर हटले न्हाईत. "औषधानं नर मवाळ होतो. चावेल तो तेलवाला!" आणि स्वतः पिंजऱ्यात हात घातला.

अकरा उंदीर चावले.

बारावा झोपला होता.

*

मग चिरफाड. छातीत एक पांढरी गाठ असते, थायमस. रोगाशी लढणारे शिपाई तिथं तयार होतात. सहांची गाठ टम्म, सहांची वाळकी. सरांनी ठरवलं, "औषधानं सगळंच खचतं. मोठी गाठ ते तेलवाले!"

मी विचारलं, "मग सर, नराच्या हार्मोनवर पोसणारे वीर्यकोश मोठ्या गाठीवाल्यांचेच काहून सुकले?"

"तुझा काटा बिघडलाय!"

चाचांच्या भावाचं कळमनुरीच्या बाजारात मटणाचं दुकान. चाचा म्हणाले, "खस्सी केलेल्या, म्हंजी बडवलेल्या बोकडाची गाठ अशीच मोठी राहती. बिनखस्सीची वाळती. आमच्या लेकरालाबी ठाऊक हाय."

"खाटकाकडून सायन्स शिकू?" सर कडाडले. आकड्यांचा तक्ता उलट्या मथळ्यांनीच भिंतीवर लागला: मोठी गाठ 'तेल', वाळकी 'औषध'.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक तक्त्यापुढं थबकले. "हे कुणी केलं?"

"या पोरानं!" सर म्हणाले.

मी म्हणालो, "आकडे माझे. वरचे मथळे सरांचे."

चहा ठेवता ठेवता चाचांनी परीक्षकांना विचारलं, "साहेब, खस्सीचं मटण खाता न्हवं?"

"खातो की."

"मंग छातीतली पांढरी गाठ बघितली असंल. केवढी असती?"

परीक्षकांनी बोटांनी माप दाखवलं. मग त्या मापाकडं बघतच राहिले. खिशातून पेन काढलं अन् दोन्ही मथळ्यांची अदलाबदल केली. सर म्हणाले, "मी तेच म्हणून राहिलो होतो!"

त्याच तक्त्यावर सर डॉक्टर झाले. प्रॅक्टिकलला मी नापास. कॉलेज तिथंच सुटलं.