माहेरचं तेल

प्रिय मीरा आणि निकोस,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आज्जी, आत्याआजीचं ग्रीक ड्रेसिंग कसं करायचं? आईचं तसं लागत नाही." मला हसू आलं. तुम्ही अथेन्समध्ये राहता, तुमच्या आईचा जन्म तिथला, आणि ग्रीक सॅलडवर काय घालायचं हे तुम्ही अमरावतीच्या म्हातारीला विचारता! त्या दिवशी मी "लिहून पाठवते" एवढंच म्हणाले. वत्सलाताईंना, तुमच्या आत्याआजीला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आता जरा सावरले आहे, म्हणून लिहिते. कृती देते, पण ती कुठून आली हेही सांगते, कारण तुम्हाला ते कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तुम्हाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. बाबा मध्येच थांबले तर त्यांना थांबू द्या.

त्या गेल्या त्या दिवशी फोन सकाळी आला. मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. वत्सलाताईंचा मुलगा, तुमचे प्रकाशकाका, म्हणाले, "मामी, आई गेली." त्या पहाटे उठल्या, चहा प्यायल्या, पुन्हा आडव्या झाल्या आणि नंतर उठल्याच नाहीत. मी गाडी करून अकोल्याला पोचले तेव्हा जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत चपलांना जागा उरली नव्हती. भाजी विकणाऱ्या बायका पाट्या बाजूला ठेवून दाराशी बसल्या होत्या. ताईंचं त्या सगळ्यांशी भांडण होतं आणि त्या सगळ्या रडत होत्या.

वत्सलाताई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. आजोबा गेल्यावर मी इथे एकटी पडले, तेव्हापासून दर महिन्याला आठ-दहा दिवस त्या माझ्याकडे येऊन राहायच्या. पिशवी टेबलावर ठेवायच्या आधी त्यांचं सुरू व्हायचं : "काय वो वहिनी, वाळून राहिल्या तुमी! त्या ब्रेडनं काय होते?" मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावलेली असते. ताई आल्या की दोन दिवसांत हळदीच्या डब्यात धणे असायचे. आमचं पटायचं कसं हे मलाही कधी कळलं नाही, पण पटायचं.

तुमच्या बाबांच्या लग्नाला मात्र त्यांचा कडाडून विरोध होता. "परदेशातली पोरगी करून राहिला मंदार. गेला तो हातातून. लिहून घ्या माह्याकडून," असं त्या मला येता-जाता ऐकवायच्या. लग्न अथेन्सला झालं, त्या आल्या नाहीत. वर्षभराने मंदार आणि तुमची आई एलेनी पहिल्यांदा अमरावतीला यायचे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी मंदारने मला फोन केला. म्हणाला, "आई, तिला तिथे परकं वाटलं तर ती पुन्हा यायची नाही. आणि मी तिला ओढून आणणार नाही." त्याने यापेक्षा जास्त काही म्हणायची गरज नव्हती. मला एकच मुलगा. ती परत आली नसती तर तोही दोन-तीन वर्षांतून एकदा, पाहुण्यासारखा, एकटाच आला असता. आणि तुम्ही दोघं मला फोटोत दिसला असतात.

मी तयारी केली. पाहुण्यांची खोली रंगवून घेतली, कमी तिखटाचे पदार्थ ठरवले, चीज आणि ब्रेड आणून ठेवले. एलेनीशी मी इंग्रजीत बोलायचे, तीही छान बोलायची. झोप कशी झाली, हवा कशी वाटते... सगळं सभ्य आणि नीटनेटकं. पण ती पानात थोडं घ्यायची, थोडं टाकायची. ताई अकोल्याहून मुद्दाम आल्या होत्या, सून पाहायला. दाराआडून मला म्हणायच्या, "हे पोरगी तं काईच खाऊन नाई राहिली वो. असं कसं चालन?" त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या.

एलेनीने येताना एक पत्र्याचा डबा आणला होता, चांगला जड. विमानात सामानाचं वजन भरतं म्हणून तिने स्वतःचे कपडे कमी केले होते, हे मला नंतर कळलं. तिने तो दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. ऑलिव्हचं तेल. मी तो ओट्यावर ठेवला आणि तिचे आभार मानले. तीन-चार दिवसांनी मी आणि मंदार बँकेच्या कामाला बाहेर गेलो.

आता इथली एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. आमच्याकडे ऑलिव्हचं तेल औषधांच्या दुकानात मिळतं, लहान बाटलीत, आणि ते तान्ह्या बाळाला मालिश करायला आणतात. ताईंच्या लेखी त्या तेलाचा दुसरा काही उपयोगच नव्हता. आम्ही परत आलो तेव्हा ताई गच्चीवर उन्हात बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन. शेजारी तो डबा, पुढ्यात वाटी, आणि त्या दोन्ही गुडघे मनापासून चोळत होत्या. मला पाहून आनंदाने म्हणाल्या, "भल्लं तेल हाय वहिनी! गुडघा कसा लोण्यावानी झाला. त्या बाजूच्या बाळंतिणीले बी देऊन आलो बाटलीभर, लेकराले चोयाले." एलेनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ती तशीच वळली. खाली गेली आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने मंदार माझ्याजवळ आला. ते तेल तिच्या वडिलांच्या झाडांचं होतं. थंडीत ऑलिव्ह उतरवायला ती दर वर्षी गावी जाते, झाडाखाली जाळी अंथरून स्वतः फळं गोळा करते. "आई, ती रडते आहे," तो म्हणाला. "तिकीट आधीचं मिळतं का बघू का?"

मी गच्चीवर गेले आणि ताईंना सांगितलं, ते तेल खायचं आहे. तिच्या माहेरचं आहे. तिच्या बापाच्या झाडांचं.

"माहेरचं?" त्यांचा हात गुडघ्यावरच थांबला. "मंग काऊन नाई सांगतलं वो पहिले?" त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माह्या माहेरचं कोनं पायाले लावलं असतं, तं म्या त्याच्या दारात पुन्हा पाय नसता ठेवला."

मुलांनो, घरात जे पणाला लागलं होतं ते त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते एका वाक्यात ओळखलं.

माफी मागणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळी उठून त्या शेजारी गेल्या आणि बाळंतिणीकडून तेलाची बाटली परत घेऊन आल्या! मी म्हटलं, "अहो ताई, दिलेलं कोणी परत मागतं का?" तर म्हणे, "तिले म्या तिळाचं दिलं बदल्यात. लेकराले तेच चांगलं." त्याच फेरीत शेजारच्या मुलीकडून मोबाईलवर ग्रीक सॅलडचा एक हिंदी व्हिडिओ पाहून आल्या. त्यातलं त्यांना जेवढं कळलं ते असं : तेल, लिंबू, मीठ, लसूण, सगळं एका वाटीत, आणि वरून ओतायचं. आता आपल्या वऱ्हाडात वाटीतलं तेल जेवणावर ओततात ते वडाभातावर, आणि ते कडकडीत फोडणीचं असतं. ताईंनी पळीत एलेनीच्या माहेरचं तेल घेतलं, गॅसवर तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला, लसूण टाकला... आणि मी "ताई, थांबा" म्हणेपर्यंत त्यात लिंबू पिळलं.

काय आवाज झाला! तेल टाइल्सवर उडालं, ताई "अवं माय!" करून मागे सरल्या आणि एलेनी खोलीतून धावत आली. घरभर खमंग धूर होता. तिने गॅस बंद केला. पळीत पाहिलं. तिच्या वडिलांचं तेल मोहरीने काळं झालेलं. ताई पदराला हात पुसत उभ्या होत्या आणि तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.  माझं इंग्रजी तिथे काही कामाचं नव्हतं.

एलेनीने डब्यातली पोळी घेतली, तुकडा मोडला, पळीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग तिने पोळीचा तुकडा ताईंपुढे धरला.

वत्सलाताई म्हणाल्या, "पाह्यलं? ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर खाऊन राहिली पोरगी." आणि डोळे पुसले. धूर होताच, त्यामुळे कोणाला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर एलेनीने त्यांना दाखवलं. तिच्या घरी ड्रेसिंग वगैरे वेगळं करतच नाहीत. टोमॅटो, काकडी, कांदा चिरायचा, वरून कच्चं तेल सढळ हाताने, थोडं आंबट, मीठ, आणि वाळलेली ओरेगानोची पानं दोन तळव्यांत चुरून. ताईंनी चव घेतली. "कच्चं लागते," त्या म्हणाल्या. पुन्हा घेतली. "पन वास भल्ला हाय." पुढचे दोन आठवडे त्या दोघी रोज दुपारी ओट्याशी वाद घालत होत्या, एक ग्रीकमध्ये आणि एक वऱ्हाडीत. तुम्हाला जी चव आठवते ती त्या वादातून निघाली. त्यात दोघींनीही पूर्ण माघार घेतलेली नाही.

तर आता कृती. अर्धी वाटी तेल घ्या. त्यातलं एक चमचा तेल वेगळं कोमट करा, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाका आणि लगेच गॅस बंद करा. लसूण लाल होता कामा नये. ही ताईंची फोडणी. तेवढा हट्ट त्यांनी सोडला नाही. ते पूर्ण गार झाल्यावरच उरलेल्या कच्च्या तेलात मिसळा. गार होऊ द्या, टाइल्स आठवा! एका मोठ्या लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, आणि सुपारीएवढा गूळ त्या रसात विरघळवून घ्या. आई "गूळ नको" म्हणेल. ऐकू नका. मग ओव्याची वाळलेली पानं, चमचाभर, चुरून. इथेच तुमच्या आईचं चुकत असणार, म्हणजे चुकत नाही, ती तिच्या पद्धतीने ओरेगानो घालते. तिने आणलेला ओरेगानो संपला तेव्हा ताईंनी कुंडीतल्या ओव्याची जाड पानं सावलीत वाळवून पाहिली, आणि एलेनी डोळे मिटून म्हणाली होती की जवळजवळ तोच वास आहे. जवळजवळ. त्या जवळजवळमध्येच तुमची चव आहे. मी वाळलेल्या पानांची पुडी पाठवते आहे. सगळं झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवा आणि लगेच ओता. ठेवून दिलं की तेल वर आणि रस खाली. ताई म्हणायच्या, "नवराबायकोवानी हाय हे. ठेवून देलं का येगयेगयं होते. हालवत राहा लागते."

एलेनी पुन्हा आली. पुढच्या वर्षी आली, मग तुम्ही झालात आणि तुम्हाला घेऊन आली. निकोस, तू पाच वर्षांचा असताना सॅलड संपल्यावर वाडगा तोंडाला लावून खालचं आंबट पाणी प्यायलास, आणि आत्याआजी सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, "आमचा पोट्टा पाहा, तेल पेते!" दर खेपेला एलेनी पत्र्याचा डबा आणायची आणि ताई तो स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवायच्या. त्यातलं तेल त्या कोणाला चमचाभरसुद्धा द्यायच्या नाहीत. गुडघ्यांना शेवटपर्यंत तिळाचं लावलं.

ताईंनी तुम्हाला मला दिलं, असं मी म्हणते तेव्हा मी वाढवून सांगत नाही.

तुमच्या परीक्षा होत्या म्हणून बाबा तुमच्यापाशी थांबले आणि तेरवीला तुमची आई एकटीच आली. तिने तिथलं काही सांगितलं नसेल. अकोल्याच्या घरी आल्यावर ती ताईंच्या फोटोपुढे बसली, मग उठून पदर खोचला आणि पंगतीत वाढायला लागली. प्रकाशकाकांच्या बायकोने तिच्या हातातून भांडं घ्यायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "राहू दे वो. मी करतो. तू काऊन रडून राहिली? बस जराशी." जेवणाऱ्या बायकांनी एकदम माना वर केल्या. माझ्याशी तिला मराठीची गरज कधी पडली नव्हती, आम्ही इंग्रजीत बोलायचो. तिचं सगळं मराठी त्या ओट्याशी शिकलेलं आहे. पूर्वी मी तिला सांगायचे, ताई "मी करतो" म्हणतात, पण बाईने "मी करते" म्हणावं. मग मी सांगायचं सोडून दिलं.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी ती इथे माझ्याकडे होती. मी भाजी चिरायला घेतली, तर तिने माझ्या हातातून सुरी घेतली. "तुमी बसा, आई. किती वाळून राहिल्या तुमी! मले करू द्या." मी बसले. स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले आणि ऐकत राहिले.

वत्सलाताईंचं बोलणं आहे अजून. ते तुमच्या आईकडे आहे.

तुमची,
आज्जी